दुसरा गिअर सटकतोय, मामा!

तुमच्या गावच्या घरी एकदा नीट बघा. जिन्याखाली, पडवीत नाहीतर गोठ्याच्या कडेला, गोणपाटाखाली एक स्कूटर नक्की उभी असेल. बहुतेक वेळा चेतक. तिच्याविषयी घरात दोनच मतं असतात. एक, ‘बाबांची आठवण आहे, राहू दे.’ दुसरं, ‘जागा अडवतेय, भंगारात द्या.’ दुरुस्त करून चालवू, असं तिसरं मत कोणी मांडतच नाही. कारण एकदा का ‘गिअरबॉक्स गेला’ असं कुणी म्हटलं, की विषय संपला. लॅपटॉपचा मदरबोर्ड उडाल्यासारखा!

पण बॉस, या स्कूटरचा गिअरबॉक्स सहसा अख्खा ‘जात’ नाही. त्यातला तळहातावर मावेल असा एक तुकडा जातो. हे मला कळलं टेंभुर्णीत, मामाच्या ओसरीवर.

टेंभुर्णी म्हटलं की पुणेकरांना सोलापूर हायवेवरचं गाव आठवतं. हे ते नव्हे. हे जालना जिल्ह्यातलं, जाफराबाद तालुक्यातलं. इथे माझ्या मामाकडे 1988 सालची चेतक आहे. आजोबांनी नंबर लावून, वाट बघून घेतलेली. मामा रोज सकाळी तिच्यावरून दूध घालायला जातो. दोन बाजूंना दोन कॅन. गेल्या पावसाळ्यापासून चढावर दुसरा गिअर सटकायला लागला. म्हणजे खट्‌ आवाज होणार, इंजिन नुसतंच बोंबलणार आणि गाडी जागच्या जागी दम टाकणार. भरलेल्या कॅनसकट, मागून ट्रॅक्टर येत असताना! मामी म्हणाली, ‘‘एक दिवस हातपाय मोडून घ्याल, देऊन टाका त्या भंगारवाल्याला.’’ भंगारवाला खरंच दारात येऊन वजनाचा भाव सांगून गेला होता.

मामानं गावातल्या जुन्या मिस्त्रीकाकांना बोलावलं. त्यांचं गॅरेज कधीच बंद झालंय, पण हत्यारांची पेटी शाबूत आहे. मी दिवाळीची सुट्टी टाकून तिथेच होते. दिवे धरायला, नट मोजायला आणि फोटो काढायला.

खानदान मोठं आहे

बजाजनं चेतक आणली 1972 साली. त्याआधी इटलीच्या पिआज्जिओशी झालेल्या करारानुसार बजाज इथे व्हेस्पा बनवत असे, आणि चेतकचं इंजिन त्याच घराण्यातलं. 145 सीसी, टू-स्ट्रोक, चार गिअर. गिअर बदलायचा तो पायानं नव्हे, डाव्या मुठीनं. नाव महाराणा प्रतापांच्या घोड्याचं. एकेकाळी तिच्यासाठी वर्षानुवर्षं वेटिंग असायचं. 2009 च्या डिसेंबरमध्ये बजाजनं स्कूटरच्या धंद्यातून बाहेर पडत असल्याचं जाहीर केलं. 2020 मध्ये चेतक हे नाव परतलं, पण विजेवर. तिच्यात मूठ फिरवून गिअर टाकायची भानगडच नाही.

म्हणजे मुठीत गिअर असलेली ती जुनी चेतक आता जेवढी आहे तेवढीच. एक भंगारात गेली की एक कमी.

आधी केबल, मग इंजिन

काकांनी पाना उचलण्याआधी पहिला प्रश्न विचारला, ‘‘केबल बघितल्या का?’’ डाव्या मुठीपासून इंजिनापर्यंत गिअरच्या दोन केबल जातात. त्या ढिल्या पडल्या तर गिअर पूर्ण बसत नाही आणि सटकतो. अशा वेळी दहा मिनिटांत ताण नीट केला की काम झालं. आमच्या केबल ठीक होत्या. मग मात्र इंजिन उतरवणं आलं.

इथे पहिलं आश्चर्य. केबल, वायरी आणि पेट्रोलची नळी सोडली, की या स्कूटरचं इंजिन एका लांब बोल्टवर आणि मागच्या शॉकअ‍ॅब्सॉर्बरच्या नटवर टिकलेलं असतं. ते दोन काढले आणि आम्ही फ्रेम उचलून बाजूला ठेवली. मागचं चाक इंजिनालाच लावलेलं. चेन नाही, बेल्ट नाही! गिअरबॉक्सचा बाहेर येणारा शाफ्ट हाच चाकाचा अ‍ॅक्सल.

मग फ्लायव्हील आणि क्लच. दोन्हींसाठी खास पुलर आणि पाने लागतात. छिन्नी-हातोडीचं हे काम नाही. शेवटी इंजिनाचे दोन अर्धे वेगळे करायचे. काकांनी रबरी हातोड्यानं चहूबाजूंनी हळूहळू ठोकलं. मामा स्क्रू-ड्रायव्हर घेऊन पुढे सरसावला तसे काका खेकसले, ‘‘फटीत घालू नको! अ‍ॅल्युमिनियम हाये. चरा पडला की जन्मभर तेल गळंल.’’

चार हातांचा पहिलवान

आत एका शाफ्टवर चार दातेरी चकत्या, समोरच्या गिअरशी कायम जुळलेल्या. चारही गिअर एकाच वेळी फिरत असतात, पण अ‍ॅक्सलवर मोकळे. अ‍ॅक्सल आतून पोकळ, त्याला लांब खाचा. त्या खाचांतून चार हातांचा एक पोलादी तुकडा मागेपुढे सरकतो. त्याला म्हणतात क्रॉस. तो ज्या गिअरमध्ये जाऊन हात अडकवेल, तो गिअर अ‍ॅक्सलला घट्ट पकडतो. आपण मूठ फिरवतो म्हणजे खरं तर या क्रॉसला जागा बदलायला सांगतो.

सगळा भार त्याच्या चार हातांच्या कडांवर. क्लच अर्धवट दाबून गिअर टाकला की दरवेळी कड थोडी झिजते. पस्तीस-सदतीस वर्षांत ती गोल होणारच. मग जोर आला की हात निसटतो. काकांनी क्रॉस माझ्या तळहातावर ठेवला. जिथे काटकोन हवा, तिथे गुळगुळीत गोलाई. मामाचे सगळे चढ त्या कडेवर उमटले होते!

‘‘म्हणजे एवढ्याशा तुकड्यासाठी भंगारात चालली होती?’’ मामा म्हणाला.

‘‘थांब,’’ काका म्हणाले. त्यांनी दुसऱ्या गिअरच्या आतल्या खाचांवरून नख फिरवलं. त्याही कडा बसलेल्या. नुसता नवा क्रॉस टाकला असता, तर झिजलेल्या गिअरनं त्यालाही खाल्लं असतं, आणि पुन्हा हेच सगळं करावं लागलं असतं. इथे मामा अडखळला. खर्च वाढत होता, दिवाळी तोंडावर. तो बराच वेळ काही बोललाच नाही. मग मामीच आतून म्हणाली, ‘‘उघडलंच आहे तर पुरतं करा. अर्धवट गाडीवर मी काही तुम्हाला धाडणार नाही.’’

दुसऱ्या दिवशी मी आणि मामा एसटीनं जालन्याला गेलो. क्रॉस, दुसरा गिअर, ऑइल सील, पॅकिंगचा सेट. सगळं मिळालं. एकूण बिल आपल्या एका वीकेंडच्या मॉल, मूव्ही आणि डिनरपेक्षा कमी!

जोडताना काकांनी सगळ्यात जास्त वेळ घालवला तो एका वॉशरवर. गिअर अ‍ॅक्सलवर बसवले की त्यांच्यात किंचित फट राहावी लागते, मिलिमीटरच्या दशांशातली. जास्त झाली तर गिअर डुलतात, कमी झाली तर अडकतात. फीलर गेजची पात सरकवून, वेगवेगळ्या जाडीचे वॉशर लावून ती बेतावी लागते. तीनदा काढलं, तीनदा बसवलं. कुणी घाई केली नाही. डेडलाइनवर जगणाऱ्या मला हे बघणं सॉलिड थेरपी वाटली.

तुम्हालाही करायचंय?

मग हे लक्षात ठेवा. क्रॉस कोणत्या तोंडानं बसलाय, याचा काढण्याआधी फोटो घ्या. तो ज्या दांड्यावर असतो, त्याचे आटे उलटे असतात. जोर लावण्याआधी दिशा तपासा. इंजिन उघडलंच आहे तर सगळे ऑइल सील बदला, मागच्या चाकाचाही; तो गळला तर तेल थेट ब्रेकवर उतरतं. तेल भरताना गाडी सपाट जागी ठेवा आणि भरायच्या भोकातून ओघळायला लागलं की थांबा. पहिल्यांदा करत असाल, तर शेजारी एक मिस्त्रीकाका हवेतच. आणि हो, कागदपत्रं! खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते, पुढे दर 5 वर्षांनी नूतनीकरण. गाडी चालती असेल तरच त्या रांगेत उभं राहण्यात अर्थ आहे.

मामाची चेतक आता चढावर दुसऱ्यात गुरगुरत जाते, कॅनसकट. जुना क्रॉस मामीनं देवळीत ठेवलाय. ‘‘पुन्हा कुणी भंगार म्हणालं की दाखवायला,’’ म्हणते.

तेव्हा येत्या सुट्टीत गावी गेलात, की ते गोणपाट एकदा बाजूला करा. मूठ फिरवून बघा. आणि कुणी ‘गिअरबॉक्स गेलाय’ म्हणालंच, तर फक्त एवढं विचारा, ‘उघडून बघितलाय का?’