मंगळवेढ्याची ज्वारी व सेंद्रिय दाखला

सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढे हे ज्वारीचे कोठार म्हणून प्रसिद्ध आहे. तेथील खोल काळ्या जमिनीत मालदांडी ज्वारी रब्बी हंगामात, मुरलेल्या ओलीवर पोसते. २०१६ साली या ज्वारीस भौगोलिक मानांकन लाभले.

परंतु मानांकन हे मालाचे गाव सांगते. लागवडीची रीत सांगत नाही. रासायनिक खते व औषधे न वापरता पिकविलेली ज्वारी ‘सेंद्रिय’ म्हणून विकावयाची, तर निराळा दाखला लागतो. तो नसल्यास कष्टाचा माल साध्या भावाने जातो.

लहान शेतकऱ्यांस यासाठी पी. जी. एस. ही सहभाग हमी पद्धत सोयीची आहे. एकाच किंवा लगतच्या गावांतील किमान पाच शेतकऱ्यांनी गट करावा, नोंदवह्या ठेवाव्यात आणि एकमेकांची शेते तपासावीत. संक्रमणकाळात ‘ग्रीन’ व तो पुरा झाल्यावर ‘ऑर्गॅनिक’ असा दाखला मिळतो.

ग्राहक चार पैसे अधिक देतो, ते या दाखल्यावरील विश्वासामुळे. एकाने लपूनछपून युरिया टाकला, तर पत साऱ्या गटाची जाते. गावोगावच्या कार्यकर्त्यांनी ही गोष्ट गटाच्या पहिल्याच बैठकीत स्पष्ट करावी.