जीप : शक्तिप्रेषणातील दोषनिदान

एंजिनाची शक्ती चाकांपर्यंत नेणाऱ्या यंत्रणेतील बिघाड, ती यंत्रणा न उघडता, आवाज, झटका, गळती व चाकांची हालचाल यांवरून ओळखण्याची पद्धती. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील कोल्हार येथे प्रवरेच्या कालव्यांखालील उसाची काळी, चिकण जमीन आणि नगर–मनमाड हमरस्त्याचे टणक डांबर ही अगदी लगत आहेत. चारही चाकांना शक्ती मिळणाऱ्या जुन्या जीपचा खरा गुण पहिल्या पृष्ठभागावर दिसतो आणि तिच्याविषयीचे बरेचसे गैरसमज दुसऱ्यावर उत्पन्न होतात. त्यामुळे अशी गाडी विकत घेताना आवाज येतो की नाही, यापेक्षा तो कोणत्या जमिनीवर व कोणत्या स्थितीत येतो हे पाहणे अधिक महत्त्वाचे असते.

विलीज जीपची जुळणी महिंद्रा अँड महिंद्रा या कंपनीने १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत सुरू केली. या पद्धतीच्या गाडीत एंजिनाची शक्ती क्लच व गिअरबॉक्स यांमधून ट्रान्सफर केस या पेटीत येते आणि तेथून दोन प्रॉपेलर शाफ्टांनी पुढच्या व मागच्या आसाकडे जाते. प्रत्येक आसावर डिफरन्शियल असल्याने त्याची डावी व उजवी चाके निरनिराळ्या वेगाने फिरू शकतात. परंतु दोन आसांमध्ये तशी सोय नसते. पुढचा आस जोडला की दोन्ही शाफ्ट एकाच वेगाने फिरण्यास बांधले जातात. २०१० मध्ये आलेल्या थार या गाडीतही हीच व्यवस्था आहे.

वळणावर मागच्या आसाचा मध्य ५ मी. त्रिज्येच्या वर्तुळात फिरत असेल, तर जुन्या आखूड जीपच्या पुढच्या आसाचा मध्य सु. ५·४ मी. त्रिज्येच्या वर्तुळात फिरतो. म्हणजे त्याला सु. ८ टक्के अधिक अंतर कापावे लागते. चिखलात चाके थोडी घसरून हा फरक भरून निघतो. डांबरावर ती सहज घसरत नाहीत. त्यामुळे शाफ्टांत पीळ साठतो, सुकाणू जड होते, गाडी अडखळते आणि पुढचा आस सोडविण्याचा दांडा जागचा हलत नाही. शेतातून हमरस्त्यावर आलेल्या चालकाने तो वेळीच न सोडल्यास ही लक्षणे हमखास दिसतात आणि ट्रान्सफर केस बिघडली असे मानून ती उघडली जाते. वस्तुतः गाडी थोडी मागे घेतली किंवा एका बाजूची चाके मऊ मातीवर नेली की पीळ उतरतो व दांडा सुटतो.

असमान झिजलेले टायर हाच परिणाम सरळ रस्त्यावरही घडवितात. ६·०० – १६ मापाचा टायर एका फेऱ्यात सु. २·२ मी. जातो. पुढच्या जोडीचा परिघ केवळ १ टक्क्याने कमी असेल, तर १ किमी. अंतरात पुढच्या चाकांचे साडेचार फेरे जास्त व्हावे लागतात. सीजे – ३बी या प्रकारच्या जीपच्या आसातील गुणोत्तर ५·३८ असल्याने शाफ्टाच्या बाबतीत हा फरक सु. २४ फेऱ्यांचा होतो. म्हणून चारही टायरांची झीज मोजणे ही परीक्षेतील पहिली पायरी होय. प्रत्यक्षात ती बहुधा शेवटी आठवते.

खऱ्या दोषाची जागा शोधण्यासाठी यंत्रणेचे भाग क्रमाने वेगळे करून ऐकावे लागते. गाडी उभी, गिअर मोकळा व एंजिन चालू असताना येणारी घरघर क्लच दाबताच थांबली, तर दोष गिअरबॉक्सच्या पुढच्या बेअरिंगांकडे असतो. क्लच दाबल्यावरच आवाज सुरू झाला, तर तो क्लचच्या बेअरिंगचा समजावा. यानंतर ट्रान्सफर केस मोकळी ठेवून गिअर टाकतात. गाडी जागीच राहते, पण गिअरबॉक्स व ट्रान्सफर केसमधील मधले दंतचक्र फिरू लागते. आता आवाज आला तर तो याच भागांचा. न आल्यास शाफ्ट, आस व चाके यांकडे वळावे. क्राउन-पिनियनचा हुंकार वेग धरताना एका स्वराचा व पाय सोडताना दुसऱ्या स्वराचा ऐकू येतो. निघताना बसणारा एकच ठोका बहुधा झिजलेल्या क्रॉसचा असतो. परंतु जुन्या जीपच्या मागच्या चाकाचा हब निमुळत्या दांड्यावर चावीने बसविलेला असतो व त्याचा नट सैल झाल्यासही तसाच ठोका बसतो. याकडे दुर्लक्ष झाल्यास चावी तुटते. पुढचा आस जोडून मऊ जमिनीवर पूर्ण वळण घेताना होणारी कटकट सुकाणूच्या टोकाशी असलेल्या सांध्याची होय.

पुढच्या आसापर्यंत शक्ती पोहोचते की नाही, हे पाहण्यासाठी मागच्या चाकांना दगडांची अटक लावून पुढचे एक चाक जॅकने उचलतात. एंजिन बंद, ट्रान्सफर केस व गिअर दोन्ही टाकलेले आणि पुढचा आस जोडलेला असताना ते चाक हाताने फिरता कामा नये. फिरल्यास कोठेतरी सांधा तुटला आहे किंवा एखादा हब मोकळा राहिला आहे. आस सोडल्यावर मात्र ते फिरलेच पाहिजे.

तेलाची साक्ष विक्रेत्याच्या बोलण्याहून भरवशाची असते. बुचाला चिकटलेला बारीक करडा लेप सामान्य झिजेचा. चमकदार कपचे दात किंवा बेअरिंग तुटल्याचे चिन्ह. दुधाळ तेलात पाणी असते : तापलेला आस ओढ्यात शिरला की आतील हवा आकसते आणि हवेचे छिद्र चिखलाने बुजले असल्यास सीलमधून पाणी आत ओढले जाते. गिअरबॉक्समध्ये तेल कमी व ट्रान्सफर केसमध्ये जास्त आढळल्यास दोहोंमधले सील गेलेले असते. आवाज दाबण्यासाठी मुद्दाम अतिदाट वंगण भरलेले असण्याचीही शक्यता असते. म्हणून गाडी पुरेशी तापेपर्यंत चालवून परीक्षा करणे आवश्यक ठरते.

विलीज पद्धतीच्या जुन्या जीपचा हातब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या मागच्या शाफ्टावर असतो. आवाज शोधण्यासाठी तो शाफ्ट काढला व पुढचा आस जोडलेला नसला, तर हातब्रेक ओढूनही गाडी उतारावर थांबत नाही. ट्रान्सफर केस मोकळी असल्यास टाकलेला गिअरही तिला धरून ठेवीत नाही. गाडीखाली शिरण्यापूर्वी चाकांना अटक लावणे याकरिता अनिवार्य आहे.