सिंबालोमचा दुसरा ठोका

एका लघुपटासाठी रुमानियातल्या रोमा वादकांच्या ढंगाचं दोन मिनिटांचं संगीत करायचं होतं. हाताशी फक्त कीबोर्ड, संगणक आणि सॅम्पल लायब्ररी, म्हणजे खऱ्या वाद्यांच्या ध्वनिमुद्रित स्वरांचा साठा. त्यातलं सिंबालोम उघडून एकच पट्टी भराभर दाबली. पहिला ठोका कानाला सुखावून गेला. दुसरा, तिसरा, चौथा अगदी तसेच आले आणि शिलाई मशीन चालल्यासारखं वाटू लागलं.

सिंबालोम म्हणजे आपल्या संतूरच्या गोतातलं वाद्य. तारांवर दोन काड्यांनी वाजवायचं. बुडापेस्टच्या शुंडा यांनी १८७४मध्ये त्याला पेडल जोडलं. रुमानियात मात्र गळ्यात पट्टा अडकवून वाजवायचा छोटा प्रकारही आहे. चांगल्या लायब्ररीत प्रत्येक स्वर हळू, मध्यम, जोरात असा वेगवेगळा ध्वनिमुद्रित केलेला असतो आणि प्रत्येकाचे तीन-चार ठोके आलटून पालटून वाजतात. तेवढ्यानं भागत नाही. वादकाचे दोन हात सारखे पडत नाहीत, म्हणून मी एकाआड एक ठोक्याचा जोर कमी केला, काही ठोके केसभर मागे सरकवले. आठ मात्रांना पाऊण तास लागला. पण वाद्य श्वास घेऊ लागलं.

स्वर जमायला मला वेळ लागला नाही. मधुवंतीतला धैवत कोमल करा, हंगेरियन मायनर ही स्वरमाला हाती येते. ताल मात्र अंगात मुरावा लागतो. तिथल्या एका नाचाची चाल दोन-दोन-तीन अशी सात मात्रांची. आपला रूपक तीन-दोन-दोन. त्यामुळे माझा हात सारखा चुकीच्या जागी वजन द्यायचा. शेवटी संगणकाचा ठेका बंद केला, टाळी देत वाजवलं आणि तेच ठेवलं.

व्हायोलिनपाशी मात्र हात टेकले. रुमानियातल्या क्लेजानी गावच्या ‘ताराफ द हायदूक्स’ या वाद्यवृंदातले निकोलाए नेआक्शू व्हायोलिनच्या तारेला घोड्याचा केस बांधून तो बोटांनी ओढत. तार गुरगुरायची. तोनी गातलिफ यांच्या १९९३च्या ‘लाचो द्रोम’ या चित्रपटात ते दिसतं, ऐकू येतं. माझ्या लायब्ररीत मींड आहे, कंपनही आहे, पण त्या गुरगुरण्याची पट्टी नाही. साथ सॅम्पलवर उभी राहते. गाणारं वाद्य राहत नाही, हे माझं ठाम मत आहे.

आणखी एक गोष्ट सलते. अशा लायब्रऱ्यांवर ‘जिप्सी’ हेच नाव सर्रास असतं. लंडनजवळ १९७१मध्ये भरलेल्या आपल्या पहिल्या जागतिक परिषदेत या समाजाच्या लोकांनी स्वतःसाठी ‘रोमा’ हे नाव स्वीकारलं. ‘जिप्सी’ त्यांच्यातल्या अनेकांना हिणवल्यासारखं वाटतं. त्यांची भाषा आपल्याच कुळातली; कानाला तेही ‘कान’च म्हणतात.

असं संगीत करणाऱ्यांना माझी विनंती आहे. लायब्ररी विकत घेण्याआधी महिनाभर क्लेजानीच्या वादकांना ऐका आणि श्रेयनामावलीत ‘रोमा’ लिहा. माझ्या तुकड्यातलं व्हायोलिन मी सॅम्पलचं ठेवलं नाही. ते एका वादक मित्राकडून वाजवून घेतलं.