भटारखान्यात हवा येते कुठून?

आष्टीत माझं स्टील फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. मंगल कार्यालयं, खानावळी आणि तळेगावच्या हायवेवरचे ढाबे यांच्यासाठी आम्ही भट्ट्या, टेबलं करून देतो. गिऱ्हाईक येतं तेच विचारत, "तीन बर्नरची भट्टी केवढ्याला पडेल?" मी भाव नंतर सांगतो. आधी विचारतो, भाजीचं पोतं कोणत्या दारानं येणार आणि उष्टी ताटं कोणत्या वाटेनं जाणार?

वांगी आली की निवडणं, धुणं, चिरणं, शिजवणं, वाढणं, सगळं एकाच दिशेनं पुढे सरकावं. मातीनं भरलेली भाजी किंवा कच्चं चिकन शिजलेल्या वरणाच्या शेजारून जाता कामा नये. १९२६ साली मार्गारेटे शुट्टे-लिहोट्स्की या वास्तुविशारद बाईंनी फ्रँकफर्टच्या घरांसाठी आटोपशीर स्वयंपाकघर आखलं, तेव्हा रेल्वेच्या डायनिंग कारचं स्वयंपाकघर त्यांच्या डोळ्यांपुढे होतं. विनाकारण पडणारं प्रत्येक पाऊल त्यांना वाचवायचं होतं. मीही नवीन काम घेतलं की आधी जुन्या भटारखान्यात आचाऱ्याच्या येण्याजाण्याच्या वाटा जमिनीवर खडूनं आखतो. रेघा एकमेकींना कापतात, नेमकी तिथंच माणसं गरम गंज घेऊन एकमेकांवर आदळतात.

पण आमच्याकडे, जिथं मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो, तिथं सगळ्यात जास्त विचार हवेचा करावा लागतो. धूर कोंडला की मालक म्हणतो, आणखी मोठा एक्झॉस्ट लावा. पंखा मात्र आत येईल तेवढीच हवा बाहेर टाकू शकतो. दारं-खिडक्या बंद असतील तर तो नुसता घरघरतो, नाहीतर मोरीतली घाण हवा आत ओढतो. हे मी अगरबत्ती लावून दाखवतो. पंखा सुरू करून ती दाराच्या फटीशी धरली की धुराची रेघ सरळ आत वळते. ताजी हवा आचाऱ्याच्या पाठीमागून यावी, त्याच्या अंगावरून भट्टीकडे जावी आणि वरच्या हुडमध्ये शिरावी. ज्योतीवर थेट झोत मात्र नको. हुड भट्टीच्या चारही बाजूंनी निदान १५ सेंटीमीटर पुढे हवा आणि त्याची खालची कड जमिनीपासून साधारण दोन मीटरवर. फिल्टर तिरपे बसवले की तूप-तेल पन्हाळीत उतरतं, भाजीत टपकत नाही.

सिलिंडरमधला स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर खाली साचतो, म्हणून भिंतीत जमिनीलगतही झरोका लागतो. सिलिंडर बाहेर, उघड्यावर, गटारापासून लांब ठेवायचे. शिर्डीच्या प्रसादालयात २००९ साली ७३ सौर तबकड्या बसवून त्यांच्या वाफेवर रांधायची सोय झाली. आग भटारखान्याबाहेर ठेवायची ही युक्ती मला फार मोलाची वाटते.

चिरायचा ओटा ८५ ते ९० सेंटीमीटरचा ठीक. त्याच उंचीची भट्टी केली आणि वर मोठा गंज चढवला, तर आचाऱ्याला आतलं दिसतच नाही. खांद्याच्या वर हात उचलून चाटू फिरवता फिरवता त्याचे खांदे कायमचे जातात. म्हणून मी मोठ्या गंजाची भट्टी ठेंगणीच करतो.

नकाशात हमखास राहून जाते ती अन्न निववायची जागा. ५ ते ६० अंशांच्या मधे जंतू झपाट्यानं वाढतात. उरलेला भात गंजातच राहिला तर त्याचा मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो. तो लगेच उथळ परातींत पसरून फ्रीजमध्ये ठेवायला हवा. त्या पराती मांडायला टेबल हवं, तेही फ्रीजजवळ.

आणि पोळ्या लाटणाऱ्या बाया. भरल्या लग्नात त्या तासन्‌तास तव्यापाशी असतात आणि बहुतेक ठिकाणी त्यांना सगळ्यात कोंदट कोपरा मिळतो. माझ्या नकाशात त्यांचं टेबल ताज्या हवेच्या झरोक्यासमोर असतं. मालक म्हणाला की तिथं फ्रीज ठेवू, तर फ्रीजची जागा मी दुसरीकडे शोधून देतो. बायांचं टेबल हलवत नाही.