खारीतली आडवाट

मुंबईकराला पेण माहीत असतं ते गणपतीच्या मूर्तींमुळे आणि पोह्यांच्या पापडांमुळे. अलिबागला किंवा खाली कोकणात जाताना रामवाडीला गाडी थांबते, पाय मोकळे होतात, पापडाच्या पुड्या पिशवीत जातात आणि मंडळी पुढे निघतात. वडखळला रस्ता फुटतो, एक फाटा अलिबागला, एक गोव्याकडे. दोन्ही बाजूंना नजर पोचेल तिथवर सपाट रान पसरलेलं असतं. मुलं विचारतात, ‘‘इथं काय आहे?’’ आणि बहुतेक आईवडील सांगून टाकतात, ‘‘काही नाही रे, खाडी आहे.’’

या ‘काही नाही’साठी एक रविवार राखून ठेवावा, असं मला वाटतं. दसरा झाला आहे, दिवाळी तोंडावर आहे, पाऊस परतला आहे आणि भात पिवळं पडलं आहे, असा दिवस. फक्त सकाळी लवकर निघावं. दुपारचं ऊन या दिवसांत चांगलंच चटका देतं आणि खारीत सावलीला झाड मिळत नाही.

आम्ही चौघं रामवाडीहून निघालो ते सात वाजायच्या आत. वडखळला अलिबागचा फाटा धरला. धरमतरच्या पुलावर आलं की खाली अंबा नदीची खाडी दिसते. एके काळी मुंबईहून बोटी इथवर येत. आता डोलवीच्या पोलाद कारखान्याचा माल वाहणाऱ्या बार्जेस दिसतात. पूल ओलांडून पोयनाडच्या अलीकडे-पलीकडे जो पहिला बरा आडरस्ता दिसेल तो घ्यावा. डांबर संपतं, मग खडी संपते आणि शेवटी गाडी सोडून बांधावरून पायी चालावं लागतं. खरी सहल इथं सुरू होते.

बांधावर उभं राहिलं की डावीकडे खाडी आणि उजवीकडे भात. मधे फक्त चिखलमातीचा एक बांध. आमच्या धाकटीच्या लक्षात आलं ते आमच्या कुणाच्याच आलं नव्हतं. ती म्हणाली, ‘‘बाबा, पाणी वर आहे आणि शेत खाली!’’ भरतीची वेळ होती आणि खाडीचं पाणी खरोखरच भाताच्या मुळांपेक्षा उंचावर होतं.

महामार्गावरून जे रान ओसाड भासतं, ते असं तसूतसूनं समुद्राकडून सोडवून घेतलेलं आहे. खाडीच्या कडेनं बांध घालायचा, त्यात ठिकठिकाणी उघाड्या ठेवायच्या. ओहोटीला पावसाचं पाणी उघाडीतून बाहेर पडतं, भरतीला झडप मिटते आणि खारं पाणी आत येत नाही. पहिल्या पावसानं जमिनीतलं मीठ धुऊन निघालं की पेरणी. खारीत भाताची लावणी सहसा करत नाहीत, मोड आणलेलं बी चिखलात फेकतात. त्याला ‘रहू’ म्हणतात. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्रानं खाऱ्या जमिनीत तगणाऱ्या भाताच्या जाती काढल्या, त्याही ‘पनवेल’ याच नावानं ओळखल्या जातात.

कापणी चालू होती. एक आजी बांधावर न्याहारी घेऊन बसल्या होत्या. ‘‘बांध कोण राखतं?’’ म्हणून मी विचारलं. त्यांनी हातातली भाकरी खाली ठेवली आणि म्हणाल्या, ‘‘ज्याचं शेत तो. दुसरं कोण येतंय?’’ सरकारी कायदा आहे. 1948चा होता, मग 1979चा आला. पण उधाणाच्या रात्री बांधाला खांड पडली, तर धावून जावं लागतं ते गावालाच. एकदा खारं पाणी शिरलं की पुढची काही वर्षं पीक धड येत नाही. खांड तशीच राहिली तर शेतात तिवरं उगवतात. तिवरं किनाऱ्याचं रक्षण करतात, 2005 साली मुंबई उच्च न्यायालयानं त्यांच्या तोडीवर बंदी घातली, हे योग्यच झालं. पण सातबाऱ्यावर नाव आहे आणि शेतात जंगल आहे, अशा शेतकऱ्यानं काय करावं? वेळेवर बुजवलेली एक खांड हा प्रश्न मुळातच उभा राहू देत नाही.

जवळच चरी गाव आहे. शाळेच्या पुस्तकात त्याला फार जागा नाही, म्हणून मुलांना मुद्दाम दाखवावं. खारीची जमीन कसायची कुळांनी आणि पिकाचा मोठा वाटा न्यायचा खोतानं, अशी तेव्हाची रीत. 27 ऑक्टोबर 1933 रोजी, याच मोसमात, चरीला शेतकऱ्यांची सभा भरली आणि नारायण नागू पाटलांच्या पुढारीपणाखाली खोतांची जमीन कसायची नाही असं ठरलं. हा संप 1939पर्यंत चालला. सहा वर्षं! लोकांनी लाकडं तोडून, मासळी धरून दिवस काढले. डॉ. आंबेडकर या कुळांच्या पाठीशी उभे राहिले. 1937 साली त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करणारं विधेयक मांडलं. 1939च्या कूळकायद्यामागे या संपाचं बळ होतं.

त्यानंतर जवळजवळ सात दशकांनी पेणच्या गावांवर पुन्हा तशीच वेळ आली. महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमिनी जाणार होत्या. 21 सप्टेंबर 2008 रोजी हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या 22 गावांत सरकारनं शेतकऱ्यांचं मत घेतलं. फार मोठ्या संख्येनं लोकांनी जमीन द्यायला नकार दिला. बांधावर उभं राहून पाहिलं की या नकारामागचं कारण वेगळं सांगावं लागत नाही.

परतताना पोयनाडहून नागोठण्याचा रस्ता धरावा, म्हणजे आलेल्या वाटेनं जावं लागत नाही आणि रोहे तालुक्यालाही पाय लागतात. नागोठण्याचा जुना दगडी पूल सोळाव्या शतकात चौलच्या काझी अलाउद्दीननं बांधला, असं कुलाबा गॅझेटिअर सांगतं. जेवणाला कुठे जिताडा मिळाला तर सोडू नये. या भागात घराशेजारच्या तळ्यात तो हौसेनं पाळतात आणि पाहुण्यासाठी राखून ठेवतात.

बरोबर पाणी भरपूर घ्यावं, टोप्या घ्याव्यात. कापणीच्या शेतातून चालू नये, बांधावर काही टाकू नये. भरतीची वेळ आधी विचारून घ्यावी आणि त्याच वेळी बांधावर असावं. पाणी वर आणि शेत खाली, हे एकदा डोळ्यांनी पाहिलेलं मूल ताटातला भात टाकताना नक्की थांबेल.