ॲव्हिसेब्रॉन कोण ?

मध्ययुगीन युरोपांतील पंडितांस ‘जीवनाचा झरा’ हा तत्त्वग्रंथ लॅटिन भाषांतरावरून ठाऊक होता. तें भाषांतर १२ व्या शतकांत स्पेनमधील तोलेदो येथें अरबींतून झालें. ईश्वरावांचून सर्व कांहीं, देवदूतसुद्धां, द्रव्य व आकार यांच्या संयोगानें बनलें आहे, हा त्यांतील सिद्धान्त. टॉमस अक्वायनस यानें त्याचें खंडन केलें. ग्रंथकर्ता ‘ॲव्हिसेब्रॉन’ यास कोणी मुसलमान, तर कोणी ख्रिस्ती समजत. ग्रंथांत धर्मवचनांचा आधार घेतलेला नाहीं आणि अरबी मूळ तर लुप्त झालेलें. मग निर्णय व्हावा कसा?

इ. स. १८४६ मध्यें सालोमन मुंक यांनीं तो केला. पॅरिस येथील ग्रंथसंग्रहांतील एका हिब्रू हस्तलिखितांत, शेम तोव इब्न फलाकेरा यानें १३ व्या शतकांत काढून ठेवलेले उतारे त्यांस आढळले. मूळ कर्त्याचें नांव तेथें होतें : शलमोन इब्न गबिरोल. मुंक यांनीं ते उतारे लॅटिन पाठाशीं ताडून पाहिले. ग्रंथ एकच ठरला. ज्याचीं स्तोत्रें यहुदी लोक पिढ्यान्‌पिढ्या प्रार्थनेंत म्हणत आले, तो ११ व्या शतकांतील कवीच हा तत्त्वज्ञ होय !

संग्राहकांनीं यांतून एवढेंच घ्यावें कीं, ‘त्रुटित, केवळ उतारे’ असा शेरा मारून कोणतेंही बाड बाजूस टाकूं नये. संपूर्ण पोथीनें हरविलेलें नांव कधीं कधीं अशाच बाडांत जपलेलें असतें.