पॅनल सॉ नाही? हरकत नाही! हातातल्या सर्क्युलर सॉने प्लायला फॅक्टरीसारखा कट



भोर आणि वेल्हे (आताचा राजगड तालुका) भागात फर्निचरचं काम सुरू करायचं म्हटलं की पहिली अडचण ठरलेली: "सर, आपल्याकडे पॅनल सॉ कुठंय?" पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून प्लाय घेतला, तर तिथं आसपास मशीनवर कापूनही मिळतो. पण भोरच्या स्वयंपाकघरात किंवा पानशेतच्या फार्महाऊसवर उभं राहून माप पाव इंचाने बदललं, तर तेवढ्यासाठी पन्नासेक किलोमीटर परत जाणार का? नाही. तिथं आपल्या हातातलं मशीनच आपली फॅक्टरी.

आता हिशोब बघा. समजा चांगला १९ मिमी प्लाय ९० रुपये चौरस फूट पडला. ८×४ ची शीट म्हणजे ३२ चौरस फूट, २,८८० रुपये. एका शटरची कड उडाली, गिऱ्हाईक म्हणालं "हे बदलून द्या", की प्लाय गेला, सनमायका गेला आणि दिवसाची मजुरीही गेली. धंद्यातला नफा असा ब्लेडच्या टोकावर असतो.

कड उडते कशामुळे?

हातातल्या सर्क्युलर सॉचं ब्लेड खालून वर कापत येतं. म्हणून शीटची खालची बाजू साफ राहते आणि वरची उडते. साधा नियम लक्षात ठेवा: चांगली बाजू खाली, रेघ मागच्या बाजूला. दोन्ही बाजूंना सनमायका असेल तर आधी फक्त दीड-दोन मिमी खोल कट मारा आणि मग गाइड न हलवता पूर्ण खोलीने दुसरा.

ब्लेडवर कंजुषी नको

मशीनबरोबर बहुतेक वेळा २४ दातांचं ब्लेड येतं. ते लाकूड फाडायला ठीक आहे. प्लाय आणि सनमायकासाठी ७ इंची मशीनला ४० ते ६० दातांचं कार्बाइड ब्लेड लावा. ब्लेडला डिंक चिकटला की कट काळा पडतो. तेव्हा आधी ब्लेड साफ करून बघा, लगेच नवं घ्यायला पळू नका.

आणि हो, मार्बल कटरला लाकडाचं ब्लेड लावणं थांबवा. स्वस्त पडतं, सगळेच करतात, हे मला माहीत आहे. पण त्याला खालचं आपोआप मिटणारं गार्ड नसतं आणि फेरे फार जास्त असतात. बोट गेलं तर कोणताही नफा ते परत आणणार नाही.

स्वतःचा गाइड बनवा

आजच्या व्हिडिओतला सगळ्यात कामाचा भाग हाच. ६ मिमी प्लायची ८ फूट लांब, फूटभर रुंद पट्टी घ्या. त्यावर ९ ते १२ मिमी प्लायची, फॅक्टरीची सरळ कड असलेली दोन-तीन इंची पट्टी फेव्हिकॉल आणि स्क्रूने बसवा. तिच्या मागे क्लॅम्प लावायला जागा सोडा. यापेक्षा जाड पट्टी नको, मोटर अडते. आता मशीन त्या सरळ कडेला टेकवून एकदा पूर्ण लांबी चालवा. खालच्या पट्टीचा जास्तीचा भाग कापला जाईल. जी कड उरली, तीच तुमची कटलाइन! यापुढे ती कड रेघेवर ठेवायची, दोन्ही टोकांना क्लॅम्प लावायचा आणि कापायचं. तुम्हाला हवा असलेला तुकडा गाइडखाली ठेवा. गाइड वरून दाबून धरतो, त्यामुळे वरची कडही कमी उडते. मात्र मशीन किंवा ब्लेड बदललं, तर गाइड नवा करायचा.

कापताना

शीटखाली जाड थर्मोकोल किंवा चार बत्त्या ठेवा. सुटणाऱ्या तुकड्यालाही आधार हवा. तो खाली लोंबकळला की ब्लेड चिमटीत सापडतं आणि मशीन उलटं अंगावर येतं. प्लायची आणि गाइडची जाडी मिळवून त्यापेक्षा तीन ते पाच मिमीच जास्त खोली ठेवा. मशीन पूर्ण वेगात आल्यावरच ब्लेड लाकडाला लावा आणि एका लयीत ढकला. चष्मा आणि मास्क घालाच, हातमोजे आणि सैल बाह्या नकोत.

आपल्याकडचा पाऊस माहीत आहेच. शीट भिंतीला टेकवून ठेवली की ओल धरते आणि वाकते. वाकलेल्या शीटमध्ये ब्लेड अडकतं. म्हणून जमिनीपासून उंच, बत्त्यांवर आडवी रचा.

ब्लेड खातं तेही मोजा

४ फुटी शीट म्हणजे १,२२० मिमी. चार सारख्या पट्ट्या म्हणजे ३०५ मिमीच्या? नाही! तीन कट, प्रत्येकी अडीच मिमी, म्हणजे साडेसात मिमी भुश्यात जातात. पट्टी ३०३ मिमीची धरा. कोटेशन देण्याआधी कटिंगचा नकाशा कागदावर काढा.

पैशाचं काय?

२०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेच्या १८ व्यवसायांत सुतारकाम आहे. प्रशिक्षण, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचं ई-व्हाउचर आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाख, मग २ लाखांपर्यंत कर्ज, अशी तिची रचना आहे. जवळच्या सीएससी केंद्रात चौकशी करा.

आजचा गृहपाठ: ऑर्डर येण्याची वाट बघू नका. टाकाऊ प्लायच्या तुकड्यावर दहा कट मारा आणि कडेवरून बोट फिरवून बघा. दहावा कट साफ आला, तर तोच तुकडा गिऱ्हाईकाला दाखवायचा नमुना. बोलण्यापेक्षा तो जास्त काम मिळवून देईल.

भेटू पुढच्या व्हिडिओत!